जवाईबापू आणि फुटबॉल

परवा ऑफिसखालच्या टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन. ते सहसा फोन करत नाहीत. केलाच तर विषय दोनच, गॅस सिलिंडर नाहीतर मयत.

"जवाईबापू, तब्येत बरी आहे ना?"

म्हटलं, बरी आहे.

"नाही, इकडे सांगून राह्यले का तुम्ही नदीत मेले होते म्हनून."

मेले होते. जसा मध्यंतरी ताप येऊन गेला होता.

झालं एवढंच, की रविवारी सासुरवाडीला, लाखांदूर तालुक्यात गेलो होतो आणि चुलबंद नदीच्या एका कमरेएवढ्या डोहात माशांचे फोटो काढायला उतरलो होतो. मी मेलो नव्हतो. मी मरळीची वाट पाहत होतो. मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, तिला थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. त्यामुळे तिच्यामागे पळण्यात अर्थ नसतो. ती जिथे वर येते तिथे नळी तोंडात धरून, हातपाय सोडून, पालथं पडून राहायचं. काठावरून हे कसं दिसतं याचा मी विचार केला नव्हता. काळा रबरी सूट, पसरलेले पाय, तोंड पाण्यात. मीच काठावर असतो तर मीही पोलीस पाटलाला फोन केला असता.

हे खूळ मला ब्राझीलमुळे लागलं. तिथे बोनितो नावाचं गाव आहे. आसपासच्या नद्या चुनखडीवरून वाहतात, पाण्यात विरघळलेला चुना बारीक गाळाला खाली बसवतो आणि पाणी काचेसारखं राहतं. लोक प्रवाहावर नुसते तरंगत जातात आणि खालून माशांचे थवे. अंगाला सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलं असेल तर पाण्यात उतरू देत नाहीत, पाणी खराब होतं म्हणून! हे वाचलं तेव्हा मी नागपुरात नाग नदीच्या पुलावर नाकाला रुमाल लावून सिग्नल सुटायची वाट पाहत होतो. ती नाग नदी आमच्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला जाते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबतं. तिथे कॅमेरा घेऊन उतरायची माझी छाती नाही. सनस्क्रीन राहू द्या, आपण तर अख्खं शहर लावून उतरतो. चुलबंद दुसऱ्या बाजूने येते, नागपूरच्या तावडीतून सुटलेली. म्हणून चुलबंद. शिवाय ब्राझीलला जाण्याइतका पगार बँक मला देत नाही, हेही एक कारण आहेच.

तर पडलो होतो. पाच-सात मिनिटं झाली असतील. एवढ्यात बरगडीत काहीतरी खुपसलं गेलं. डोकं वर काढलं तर काठावर एक म्हातारबाबा, हातात लांब बांबू.

"जित्ता आहे," ते म्हणाले. आवाजात आनंद असा काही नव्हता.

"काय हरपलं जी?"

"काही नाही बाबाजी. फोटो काढतोय."

"कोनाचा?"

"मासोळीचा. मरळीचा."

"काहून? लग्न जुळून राह्यलं का तिचं?"

यावर काय बोलणार? मी हसलो. ते हसले नाहीत.

"कोनाचे जवाई होय तुम्ही?"

सांगितलं.

"म्हनजे मोठीचा नवरा. मास्तर ना?"

"नाही, बँकेत."

"तरी म्हनलं."

या 'तरी म्हनलं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही. रात्री कूस बदलताना आठवतं.

"केवढ्याचा होय डब्बा?"

इथे मी खरं बोलायची चूक केली. कॅमेरा आणि त्याला पाण्यात न्यायची पेटी, दोन्ही जुनं घेतलेलं, दीड लाख. बाबाजींनी डोळे मिटले, ओठ हलवले.

"मरळ सध्या चारशे रुपये किलो आहे. पावनेचार क्विंटल."

मी मनात हिशेब घातला. बरोबर होता. बँकेत मी आहे, आणि मला मोबाईल काढावा लागला असता.

"पावनेचार क्विंटल मरळ सोडून तुम्ही एका मरळीच्या मांगं लागले."

असं म्हणून ते बसले. बसलेला माणूस जात नाही. उलट इतरांना बसायला जागा आहे असं त्यामुळे वाटतं. थोड्या वेळात मोटारसायकलवरचा एक पोरगा, धुणं घेऊन आलेल्या दोघी आणि कुणाची तरी एक शेळी, एवढी मंडळी जमली. येईल त्याला बाबाजी माहिती देत होते. "जवाई होय. मोठीचा. बँकेत आहे. मासोळीचा फोटो काढते. पावनेचार क्विंटलचा डब्बा आहे." पोरगा शूटिंग काढत होता. माझं. मी मरळीचं काढायला आलेलो आणि माझं निघत होतं. या देशात एकट्या माणसाला शांतपणे काही करता येईल अशी जागा उरलेली नाही, नदीचा तळसुद्धा नाही. हे मी विनोदाने म्हणत नाहीये.

"बाप्पा," बाबाजी म्हणाले, "नाहीतरी तुम्ही खाली पाहूनच राह्यले, तं माहा फुटबॉल पाहा ना. इथंच कुठं पडला."

"नातवाचा का?"

"नातवाचा काऊन? माहा."

वयाच्या पंचाहत्तरीत माणूस फुटबॉल खेळतो याचं मला कौतुक वाटलं. "केव्हा पडला?"

"उन्हाळी धानासाठी मोटर लावाले आलो, तेव्हा."

'मोटर' हा शब्द माझ्या कानावरून गेला, आत शिरला नाही. अर्धा तास मी तळाशी चेंडू शोधत होतो. चेंडू असता तर तो वर तरंगला असता, हा विचार मला त्याच दिवशी सुचला, पण रात्री अकराला.

आणि शोधता शोधता जांभळाच्या मुळांखाली ती दिसली. मरळ. सापासारखं चपटं डोकं, अंगावर काळपट पट्टे, छातीचे पर पंख्यासारखे हळूहळू हलवत जागच्या जागी उभी. दीड हात सहज. तिच्या शेजारी गाळात जाळीदार लोखंडी असं काहीतरी रुतलेलं, त्यावर गोगलगायी चिकटलेल्या. गढूळ पाण्यात फ्लॅश सरळ मारला तर गाळाचा एकेक कण उजळतो आणि फोटोत धान उडवताना कोंडा उडावा तसा दिसतो. म्हणून फ्लॅश लांब कडेला धरायचा, कॅमेरा मात्र माशाच्या जेवढा जवळ नेता येईल तेवढा न्यायचा. धरला. नेला. श्वास संपत आला होता. एक घोट घेऊन परत जाऊ म्हणून डोकं वर काढलं आणि, का कुणास ठाऊक, बोललो. "बाबाजी, बॉल नाही दिसत. मोटारीच्या पायपाचं जाळीवालं तोंड पडलंय एक."

"तोच तं होय फुटबॉल!"

आणि धोतरासकट आत.

मोटारीच्या पायपाच्या खालच्या टोकाला जो व्हॉल्व्ह बसवतात, पाणी वर चढू देतो पण मागे येऊ देत नाही, त्याला आमच्याकडे फुटबॉल म्हणतात. फूट व्हॉल्व्हचा फुटबॉल. मला हे ठाऊक होतं. लहानपणी वडिलांनी विहिरीवर तो माझ्याकडून कितीदा धुवून घेतलाय, जाळीत अडकलेला पालापाचोळा काडीने काढायला लावलाय. वीस वर्षं नागपुरात एसीत बसलो आणि शब्द गेला. ही गोष्ट मी सासऱ्यांना सांगितलेली नाही, तुम्हीही सांगू नका.

बाबाजींनी तळ असा ढवळला की नदीचा चहा झाला. मरळ केव्हाच गेली होती. घरी येऊन पाहिलं, बेचाळीस फोटो. एकेचाळीस कोंडा. एक मात्र लख्ख, जाळीवरची गोगलगाय मोजता यावी इतका. फुटबॉलचा.

"मासोळी दीड हाताची होती," मी काठावर सूट उतरवत म्हणालो. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"हातभर असंल," बाबाजी फुटबॉल पिळल्यासारखा झटकत म्हणाले. "पान्यात मोठीच दिसते. बाहेर काढली का लायनी होते."

हेही बरोबर. पाण्यातून काचेच्या चष्म्यात येताना प्रकाश वाकतो, वस्तू पाऊण अंतरावर आणि तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते. मला हे समजायला इंटरनेटवर दोन रात्री लागल्या होत्या. माणूस एका दिवशी किती वेळा बरोबर असावा याला काही मर्यादा असते.

जाताना म्हणाले, "पावसाळ्यात या. मरळीची पिल्लं दाखवतो, लालचुटुक, थव्यानं फिरतात, मायबाप राखन करतात." तो फोटो तर माझं स्वप्नच आहे. फक्त पावसाळ्यात चुलबंद अशी गढूळ असते की स्वतःचा हात दिसत नाही. तसं म्हटलं तर म्हणाले, "हो, फोटो नाही निघनार. पाहाले या."

पोरग्याने काढलेलं शूटिंग 'नदीत मुर्दा' या नावाने आधी फिरलं. मुर्दा उठून बसतो तो भाग त्याने दुसऱ्या दिवशी टाकला. मधल्या रात्री तालुक्यात मी मेलेलो होतो. सासूबाईंकडे दोघीजणी भेटायलाही येऊन गेल्या.

हे सगळं मी चहा गार होईपर्यंत सासऱ्यांना फोनवर समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं, ते जाऊ द्या," ते म्हणाले. "आपल्या शेजारच्यांचा पाना पडला आहे विहिरीत. साठ फूट आहे विहीर. मी त्यायले म्हनलं, जवाई होळीला येऊनच राह्यले. तो डब्बा घेऊनच या."