खुलासा: आयुष्मान कार्डावर वृद्धाश्रमाची फी भरली जात नाही

‘सत्तरी ओलांडलेल्यांच्या देखभाल केंद्राचा महिन्याचा खर्च आयुष्मान कार्डातून वळता होतो’ असा निरोप परभणी-नांदेडकडच्या गटांत फिरतोय. तो चुकीचा आहे. त्यावर विसंबून कुणी आईवडिलांची जागा ठरवू नये.

आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या सर्वांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही. पण वर्षाचे ५ लाख रुपये आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असतात. राहणं, जेवण, आंघोळ घालणारी मावशी, डायपर यांतलं काहीही त्यात बसत नाही. भरती न होता घेतलेली रोजची औषधंही नाहीत.

गफलत पुढे होते. देखभाल केंद्र सांगतं तो दर बहुधा स्वतः चालणाऱ्या माणसाचा असतो. पाय मोडला, अंथरूण धरलं, की मदतनिसाचे पैसे वेगळे लागतात. म्हणून अनामत भरण्याआधी लेखी घ्या: मदतनीस १२ तासांचा की २४, तो किती जणांत एक, दरवाढ कधी, रुग्णालयात असताना खोलीचं भाडं चालू राहतं का, अनामत किती दिवसांत परत.

मुलं पैसे देत नसतील, तर आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या चरितार्थ कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. नोटीस बजावल्यापासून साधारण ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो. महाराष्ट्रात महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये मंजूर होतात. अर्जाची माहिती ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मोफत मदत क्रमांकावर मिळते.