सीट बेल्टला ब्लीच लावू नका: ‘५०० रुपयांत शोरूम’ या मेसेजला उत्तर

‘जुनी गाडी घरच्या घरी शोरूमसारखी करा, फक्त ५०० रुपयांत! गॅरेजवाले हे कधीच सांगणार नाहीत!!’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे तो सोसायटीच्या ग्रुपवरून आला, मग शाळेच्या ग्रुपवरून आला, आणि मी दोन्ही वेळा तो तसाच सोडून दिला. शनिवारी धायरीहून धाकट्या बहिणीचा फोन आला. ‘ताई, बेल्टवर ब्लीच किती वेळ ठेवायचं गं? त्यात लिहिलंच नाहीये.’ बाटली आणून झाली होती. गाडी २०१२ची, आणि मागच्या सीटवर माझी भाची बसते. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. मळलेले सीट बेल्ट ब्लीचने धुवा. स्टीअरिंगला नवं कव्हर शिवण्यासाठी हॉर्नचं पॅड उपसा, मागची पिवळी पिन काढून टाका, आणि मग मीटरवर दिवा लागलाच तर त्याचा बल्ब काढा. बेल्टचा पीं-पीं आवाज बंद करायला बक्कलमध्ये क्लिप लावा. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, ही कंपन्यांची लूट आहे, साधं पाणी भरा. हेडलाइटला टूथपेस्ट, डॅशबोर्डला खोबरेल तेल, लोंबणाऱ्या छताला फेविकॉल, कार्पेटखाली डांबराच्या गोळ्या. आणि शेवटी, हे सगळं लवकर उरका, कारण १५ वर्षं झाली की सरकार गाडी भंगारात घालतं.

घरी गाडीचं काम करायला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. माझ्या गाडीच्या सीटा मी स्वतः सोडवते, कार्पेट काढून धुते, दाराच्या पॅनलचं फाटलेलं रेक्झीन बदलते, एसीचा फिल्टर बदलायला तर कुणाला हाकही मारत नाही. जुनी गाडी आतून नीटनेटकी केली की ती आणखी पाच-सात वर्षं आनंदाने वापरता येते. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. साफसफाईच्या सोप्या गोष्टींच्या रांगेत त्याने जीव वाचवणारे भाग नेऊन बसवलेत, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळं एकाच तोलाचं आहे.

बेल्टपासून सुरुवात करू. तुमच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या कागदांखाली, एक जाड पुस्तिका असते: ओनर्स मॅन्युअल. नसेल तर बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर फुकट मिळते. त्यात सीट बेल्टचं पान काढा. सुझुकीच्या पुस्तिकांमध्ये सरळ लिहिलेलं आहे की बेल्ट सौम्य साबण आणि पाण्याने धुवा, ब्लीच किंवा रंग वापरू नका, कारण त्यामुळे पट्ट्याचं कापड कमजोर होऊ शकतं. इतर कंपन्यांच्या पुस्तिकाही हेच सांगतात. ज्याने गाडी बनवली तोच लेखी सांगतोय, आणि आपण ऐकतोय कुणाचं? नाव नसलेल्या एका फॉरवर्डचं.

हा पट्टा म्हणजे दप्तराचा बंद नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक १६ प्रमाणे तो साधारण दीड टनाचा ताण येईपर्यंत तुटता कामा नये, आणि तोही ऊन, उष्णता, थंडी, पाणी, घासणं हे सगळं सोसून झाल्यावर. आपल्या पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही वाहन संशोधन संस्था १९६६ पासून उभी आहे, तिथे अशा भागांच्या चाचण्या होतात. एवढं करून गाडीत बसवलेल्या पट्ट्यावर आपण संडासातलं ब्लीच ओतायचं, आणि कशासाठी, तर तो उजळ दिसावा म्हणून! शिवाय ब्लीच पट्ट्यावरच थांबत नाही. ते ओघळून खाली दाराशेजारच्या खांबात पट्टा गुंडाळून घेणाऱ्या रीळमध्ये जाऊ शकतं आणि तिथले लोखंडी भाग गंजवतं. हे बाहेरून दिसत नाही. पट्टा छान स्वच्छ दिसतो, ओढला की येतो, सोडला की जातो. तो धरतो की नाही हे फक्त धडकेच्या वेळी कळतं.

आता बेल्ट धुवायचा कसा ते सांगते, कारण जुन्या गाडीचे बेल्ट खरंच घाण असतात. पट्टा पूर्ण बाहेर ओढा. रीळच्या तोंडापाशी कागदांना लावायची मोठी क्लिप लावा म्हणजे तो आत पळणार नाही. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि विणीच्या दिशेने घासा. आडवं खरवडू नका. ओल्या फडक्याने साबण दोन-तीनदा पुसून घ्या आणि दारं उघडी ठेवून सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळल्याशिवाय क्लिप काढायची नाही. ओला पट्टा आत गेला की बुरशी धरते आणि मग गाडीत कायमचा वास.

आणखी एक. बेल्ट हळू आत जातो अशी पुष्कळांची तक्रार असते. खांद्याजवळ ज्या कडीतून पट्टा येतो तिच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. तिथे घाम, तेल आणि धुळीचा काळा चिकट थर बसलेला असतो, नखाने खरवडला तर मेणासारखा निघतो. तो ओल्या फडक्याने पुसला की पट्टा पुन्हा झर्रकन जातो. नवा बेल्ट नको, रीळवर तेल तर मुळीच नको. हे करतानाच पट्ट्याच्या कडा बघून घ्या. कुठे धागे सुटलेत, कापल्यासारखं झालंय, किंवा झटका देऊन ओढला तरी लॉक होत नाहीये, तर पूर्ण बेल्ट बदलायचा. ज्यांनी ब्लीच लावून टाकलंय त्यांनीही तेच करावं. खर्च होईल, पण त्या सीटवर तोवर कुणाला बसवू नका.

पिवळ्या पिनेचा सल्ला तर वाचूनच हात थरथरला. एअरबॅगच्या तारांचे सॉकेट पिवळे ठेवतात, ते उगाच हात लावू नये हे ओळखता यावं म्हणूनच. हॉर्नच्या पॅडमागे जे आहे त्यात स्फोटक रसायनाची छोटी कुपी असते. ती पेटली की डोळ्याची पापणी लवायच्या आत बॅग फुगते. हे पॅड स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं, तोंड वर झुकलेलं, बॅटरी जोडलेली? अपघाताने ती बॅग उघडली तर चेहरा, हात, डोळे, काहीही जाऊ शकतं. आणि नाही उघडली तरी स्टीअरिंगच्या मागची गुंडाळी केबल तुटू शकते. मग हॉर्नही जातो.

त्याहून वाईट म्हणजे बल्ब काढायचा सल्ला. तो दिवा एकट्या एअरबॅगचा नसतो. धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणारी यंत्रणा ज्या गाड्यांत आहे, तिचा बिघाडही तोच दिवा दाखवतो. दिवा मालवला म्हणजे दोष गेला नाही, सांगणारा गेला. आणि ही गाडी उद्या कुणाला तरी विकली जाणार. मीटर स्वच्छ बघून, दोन एअरबॅग आहेत असं समजून तो माणूस घरच्यांना घेऊन ताम्हिणीला जाणार. ही त्याची फसवणूक आहे, आणि मेसेज ती ‘टिप’ म्हणून वाटतोय.

स्टीअरिंगला कव्हर शिवायला पॅड काढावंच लागत नाही, हे यातलं सर्वात चीड आणणारं. सुई-दोऱ्याने कडेकडेने ओवायची कव्हरं मिळतात, ती चाकाच्या रिंगवर बाहेरूनच शिवली जातात. एक दुपार लागते, बोटं दुखतात, बाकी काही नाही. सीट काढून कार्पेट धुणाऱ्यांनीही एवढं लक्षात ठेवावं: सीटखाली पिवळं सॉकेट दिसलं तर थांबा. आधी मॅन्युअल उघडा, नाहीतर जाणत्या माणसाला बोलवा. ते सुटलेलं असताना चावी फिरवली तर दिवा लागतो आणि मग तो घालवायला गॅरेजच गाठावं लागतं.

बेल्ट न लावताच आवाज बंद करणाऱ्या क्लिपबद्दल फार बोलायचंच नाही. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने या क्लिपा विकणाऱ्या पाच ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि त्या हटवायला लावल्या. यातच काय ते आलं. पण याच्याशी जोडलेली एक गोष्ट मेसेजमध्ये नाही आणि आपल्याकडे घरोघरी आहे. नवं सीट कव्हर घालताना मागच्या सीटची बक्कलं कव्हरखाली दाबली जातात. कव्हरवाला विचारत नाही, आपण बघत नाही. आज खाली उतरा आणि तुमच्या गाडीत मागची बक्कलं हाताला लागतात का ते बघा. नसतील तर कव्हरची कड उचलून ती वर काढा, लागलं तर तिथे काज करून घ्या. आतल्या सजावटीतलं हे सर्वात स्वस्त आणि सर्वात गरजेचं काम आहे.

कूलंटबाबत मेसेज म्हणतो, ‘आपल्याकडे बर्फ पडतो का?’ नाही पडत. गोठण्यापुरतं बोलायचं तर पुण्यात कूलंटची गरज नाही, हे मान्य करावं लागतं. घाटात गाडी तापून पाणी संपलंच, तर इंजिन गार झाल्यावर साधं पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, हेही मान्य. पण कूलंटचं काम तेवढंच नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, इथे उघड्यावर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलं की तोच आकडा सात-आठ अंशांनी वर सरकतो. खंबाटकी घाट चढताना, मे महिन्यात, एसी लावून, हे सात-आठ अंश लागतात. दुसरं म्हणजे ॲल्युमिनिअमचा रेडिएटर आणि इंजिनचं हेड गंजू नये म्हणून त्यात रसायनं असतात. बोअरिंगचं पाणी भरलं तर उलट क्षार साचतात. आणि ‘इंजिन गरम असताना झाकण उघडून पाणी बघा’ हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने कधी झाकण उघडलेलं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते वाफ होऊन उसळतं आणि चेहरा भाजतो. पूर्ण गार झाल्यावरच उघडायचं, याला अपवाद नाही.

टूथपेस्ट. हो, फरक पडतो. हेडलाइटची काच पॉलिकार्बोनेटची असते, वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी पडते, आणि टूथपेस्टमधली बारीक पूड तो पिवळेपणा थोडा घासून काढते. पण संरक्षक थर परत येत नाही, म्हणून थोड्याच काळात काच पुन्हा पिवळी. नीट करायचं तर हजार, दोन हजार, तीन हजार नंबरचा वॉटर पेपर पाण्याबरोबर फिरवा, कंपाउंडने पॉलिश करा आणि वर यूव्ही क्लिअर कोट मारा. हे घरी सहज जमतं.

छताच्या फेविकॉलला नाही म्हणजे नाही. कापड लोंबतं कारण त्यामागचा फोम उष्णतेने कुजून त्याची पिवळी पूड झालेली असते. त्या पुडीवर कुठलाच गोंद धरत नाही, आणि साधा पांढरा गोंद तर उन्हात मऊ पडतो. छताचा पुठ्ठा काढून, जुना फोम ब्रशने पूर्ण झाडून, फोमवालं नवं कापड उष्णता सोसणाऱ्या रबरी चिकटद्रव्याने लावावं लागतं. रविवार पेठेत फोम-रेक्झीनच्या दुकानात विचारा. खांबांवर एअरबॅग असं लिहिलेलं असेल तर मात्र हे काम घरी नको.

खोबरेल तेलाने धूळ चिकटते आणि उन्हात समोरच्या काचेवर झळाळी मारते. ओलं फडकं पुरे. डांबराच्या गोळ्या मात्र लगेच काढा. बंद, तापलेल्या गाडीत नॅफ्थलीनची वाफ लहान मुलांनी हुंगायची गोष्ट नाही, जी-६-पीडी या रक्तातल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांच्या तर रक्तपेशी फुटू शकतात. कार्पेटला वास येतो म्हणजे खाली पाणी आहे. पावसाळ्यात वायपरखालच्या जाळीत पानं अडकून निचऱ्याची भोकं बुजतात, किंवा एसीची नळी तुंबून डावीकडचं कार्पेट भिजतं. ते आधी शोधा.

राहिली १५ वर्षांची भीती. पेट्रोलला १५ आणि डिझेलला १० वर्षांची बंदी आली ती दिल्ली-एनसीआरपुरती, राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पण तपासणीत पास झाली आणि पर्यावरण कर भरला की पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अर्जाचा नमुना २५, आणि तो मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो.