मग माकडं अजून का आहेत?

आज दुपारपासून डोकं तापलंय म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

एका शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून फिरत फिरत एक व्हिडिओ माझ्यापर्यंत आला. दहावीच्या मुलांसमोर कुणी पाहुणे बोलतायत. एक मुलगी उभी राहते आणि विचारते, "सर, माकडापासून माणूस झाला, तर मग माकडं अजून का आहेत?" पाहुणे हसतात. म्हणतात, "बघा, या पोरीला कळलं ते शास्त्रज्ञांना कळत नाही! माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय का? देवानं माणूस माणूस म्हणूनच घडवला." टाळ्या. मुलगी खाली बसते. पुढचा प्रश्न.

त्या मुलीचा प्रश्न उत्तम होता. उत्क्रांती शिकवताना पहिल्या तासाला यावा असाच प्रश्न. त्याला उत्तर आहे आणि ते दोन मिनिटांत देता येतं. आजच्या माकडांपासून माणूस झालेला नाही. आपण आणि चिंपांझी एकाच पूर्वजाच्या दोन फांद्या आहोत, त्या साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी फुटल्या. शेपटीवाली वानरं त्याच्या खूप आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. ती आपली आजी-आजोबा नाहीत, लांबची चुलत भावंडं आहेत. चुलत भावंडं असतात म्हणून आपण नसतो असं होत नाही. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? त्याऐवजी तिच्या प्रश्नाला टाळ्या देऊन तो बंद केला गेला. मला राग त्याचा आहे.

(या गोंधळाला शाळेच्या भिंतीवरचं ते चित्रही जबाबदार आहे. वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग भालेवाला, शेवटी माणूस, सगळे एका रांगेत. उत्क्रांती म्हणजे रांग नाही, फांद्या आहेत. ते चित्र उतरवा आणि झाड लावा.)

"कुणी पाहिलंय का?" हे वाक्य आपल्याला नवीन नाही. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह हेच बोलले होते. डार्विन चूक आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं लिहिलेलं नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचं खंडन केलं, तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही त्यांना अशी विधानं टाळायला सांगितलं. सिंह मुंबईचे पोलीस आयुक्त राहिलेले. पोलीस खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये की प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसला तरी गुन्हा सिद्ध होतो. पंचनामा असतो, ठसे असतात, डीएनए असतो. पितृत्वाच्या दाव्यात न्यायालय डीएनए मान्य करतं, तिथे "कुणी पाहिलं का" असं कुणी विचारत नाही.

तर डीएनएचंच घ्या. डीएनए पेशीत ज्या धाग्यांमध्ये गुंडाळलेला असतो त्या गुणसूत्रांच्या माणसात 23 जोड्या, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या 24. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? गुणसूत्रांची अख्खी जोडी हरवली तर जीव जगत नाही. म्हणजे दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून चिकटली असली पाहिजेत, आणि तसं असेल तर खूण राहिली पाहिजे. प्रत्येक गुणसूत्राच्या टोकाला टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. ती टोकाला असतात, मध्ये त्यांचं काम नाही. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात ती बरोबर मध्ये सापडतात, आधी सुलट आणि लगेच उलट, दोन टोकं समोरासमोर चिकटल्यावर दिसतील तशी. हे 1991 मध्ये प्रसिद्ध झालं. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक गुणसूत्रबिंदू (पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) असतो, इथे दुसऱ्या, बंद पडलेल्या बिंदूचे अवशेषही आहेत. हा अंदाज चुकू शकला असता. चुकला नाही.

क जीवनसत्त्वाचं तसंच. उंदीर ते स्वतःच्या शरीरात बनवतो, आपल्याला खावं लागतं. ते बनवण्याची शेवटची पायरी करणारं जनुक आपल्यातही आहे, पण मोडलेलं. चिंपांझीतही मोडलेलं, माकडांतही. गिनीपिगमध्येही ते मोडलंय, पण वेगळ्या पद्धतीनं, कारण त्याचं नुकसान त्याच्या शाखेत स्वतंत्रपणे झालं. प्रत्येक प्राणी वेगळा घडवला म्हणणाऱ्यांनी सांगावं, माणसात आणि माकडात हा बिघाड सारखाच का ठेवला?

व्हिडिओत पुढे पाहुणे कार्बन डेटिंगवर, म्हणजे उरलेल्या कार्बनवरून वय काढण्याच्या पद्धतीवर घसरतात. डायनोसोरच्या हाडाचं वय काही हजार वर्षं आलं, म्हणजे सगळी पद्धतच खोटी! इथे मात्र मी दात-ओठ खाल्ले, कारण ही चूक नेमकी कुठे होते ते प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही माहीत असतं. सजीवांत असणारा किरणोत्सारी कार्बन-14 मेल्यानंतर दर 5730 वर्षांनी निम्मा होतो. 50 हजार वर्षांनंतर तो इतका कमी उरतो की मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. कोट्यवधी वर्षं जुन्या हाडात तो शून्य असतो. पण हाताळताना, चिकटवण्यासाठी लावलेल्या लाखेतून, मुरलेल्या पाण्यातून, जिवाणूंमधून फक्त 1 टक्का आजचा कार्बन आत शिरला, तर यंत्र 38 हजार वर्षं दाखवणार. ते हाडाचं वय नाही, ती घाण आहे. एवढ्या जुन्या नमुन्याला ही पद्धत लावायचीच नसते.

तिथे जुन्या खडकाचं वय युरेनियमवरून काढतात. झिरकॉन नावाचा बारीक स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळपास घेत नाही. युरेनियमचं मात्र हळूहळू शिसं होत जातं. म्हणजे नंतर आत सापडणारं शिसं युरेनियमपासून झालेलं. आणि युरेनियम दोन प्रकारचं, एकाचा अर्धायुष्यकाल (निम्मं व्हायला लागणारा काळ) 447 कोटी वर्षं, दुसऱ्याचा सुमारे 70 कोटी. दोन स्वतंत्र मोजमापं एकाच कणात. ती जुळली तरच वय धरतात. स्फटिकाला तडे गेले तर शिसं बाहेर झिरपतं आणि वय कमी दिसतं, म्हणून आधी तो भट्टीत 900 अंशांच्या आसपास तापवतात, मग हायड्रोफ्लोरिक आम्लात खराब झालेला भाग विरघळवून टाकतात आणि उरलेला मोजतात. दख्खनच्या बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, झिरकॉन सहसा मिळत नाही, म्हणून लाव्हाच्या दोन थरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यात पडलेल्या राखेतून तो वेचला. वय आलं साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. बसाल्टचं आरगॉन पद्धतीनं काढलेलं वयही त्याच्याच आसपास. दोन वेगळी मूलद्रव्यं, वेगळी यंत्रं, वेगळी माणसं. सगळी एकाच प्रकारे आणि एकाच आकड्यावर चुकली म्हणायचं का?

हो, विज्ञानातही लबाड्या झाल्या. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनची कवटी 1912 मध्ये माणसाचा पूर्वज म्हणून मिरवली गेली. ती बनावट आहे हे 1953 मध्ये उघड केलं ते शास्त्रज्ञांनीच.

आता ज्याचं मला खरंच वाईट वाटतं ते. त्या मुलीला हे तिच्या पुस्तकात मिळालं असतं. एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळांत चालणाऱ्या, दहावीच्या विज्ञानात नववं प्रकरण होतं 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती'. 2023 च्या पुस्तकात ते नुसतं 'आनुवंशिकता' झालं. काय गेलं माहितीये? त्यातलं एक उदाहरण. बारा लाल भुंगेरे हिरव्या झुडपात राहतात. पहिल्या प्रसंगात एक हिरवा जन्मतो, कावळ्याला दिसत नाही, त्याची प्रजा वाढते. दुसऱ्यात एक निळा जन्मतो, आणि हत्ती झुडूप तुडवून जातो. वाचलेल्यांत निळे जास्त, निव्वळ योगायोगानं. तिसऱ्यात झाडांना रोग पडतो, भुंगेरे उपाशी राहून हडकतात, रोग गेल्यावर पुन्हा भरतात, कारण हडकणं जनुकांत उतरत नाही. निवड, योगायोग आणि जे वारशानं जात नाही ते, तिन्ही गोष्टी दोन पानांत. माझ्या मते शालेय पुस्तकातल्या सगळ्यात नेटक्या पानांपैकी ती पानं होती. त्यापुढे रानकोबीपासून कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल कसे निघाले तेही होतं.

मान्य, कोविडनंतर मुलांवर ओझं होतं आणि काहीतरी कापायचं होतं. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहे हेही मान्य. पण दहावीपर्यंत विज्ञान सगळ्यांना असतं, अकरावीला कितीतरी मुलं जीवशास्त्र सोडतात. पुढे वकील, पत्रकार, आमदार होणाऱ्या मुलासाठी दहावी ही शेवटची संधी. एप्रिल 2023 मध्ये 1800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्रात हेच म्हटलं होतं. आपल्या राज्य मंडळाच्या 2018 पासूनच्या दहावीच्या पुस्तकात, भाग 2 मध्ये, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. जीवाश्म, अवशेषांगं, जोडणारे दुवे, सगळं आहे. म्हणजे या वयाच्या मुलांना हे झेपतं.

श्रद्धाळू मित्रांनो, तुमच्याशी माझं भांडण नाही. देवावर श्रद्धा ठेवून प्रयोगशाळेत चोख काम करणारी माणसं तुमच्याप्रमाणे मीही ओळखते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हरच्या शाळा मंडळानं नववीच्या वर्गात उत्क्रांतीला 'पर्याय' (सजीव कुणा बुद्धिमान निर्मात्यानं रचले, हा) घुसवला, तेव्हा 2005 मध्ये तो धर्मच आहे, विज्ञान नाही, असा निकाल देणारे न्यायाधीश जॉन जोन्स स्वतः चर्चला जाणारे होते. तुर्कस्ताननं 2017 मध्ये नववीच्या अभ्यासक्रमातून उत्क्रांती काढायचं जाहीर केलं. कुठल्या एका धर्माची ही गोष्ट नाही. आणि दशावतारात उत्क्रांती आहेच म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की मासा, कासव, वराह या क्रमाला भक्तीत अर्थ आहे, पण कासव काही डुकराचं पूर्वज नाही. दशावताराला जीवशास्त्राच्या प्रमाणपत्राची गरज नाही. ते मागून आपणच त्याला छोटं करतो.

अभिमानच हवा असेल तर हा घ्या. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटहून दगड आणून ठेवले होते. त्यांच्या मागे पत्नीनं ते जपले आणि अमेरिकेतले जीवाश्म-अभ्यासक थेविसन यांना दिले. साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून फुटली, आणि आत कानाच्या हाडाची जाड भिंत दिसली, जी देवमाशांमध्येच असते. पण प्राणी तर खुरांचा, मोठ्या मांजराएवढा! पायाची हाडं पाण्यात उतरणाऱ्या प्राण्यासारखी जड आणि भरीव. सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा हा इंडोह्यूस, देवमाशाचा सगळ्यात जवळचा जमिनीवरचा नातेवाईक, 2007 मध्ये जगापुढे आला. त्या वर्गातल्या किती मुलांना हे नाव माहीत असेल?

तुमच्यापैकी जे शिक्षक आहात त्यांना विनंती. केंद्रीय मंडळाच्या वर्गाला शिकवत असाल तर जुन्या पुस्तकातलं नववं प्रकरण काढा आणि भुंगेऱ्यांचे तीन प्रसंग एका तासात फळ्यावर घ्या. परीक्षेत येणार नाही म्हणून सोडू नका. पालकांनो, शाळेत पाहुणे बोलावताना विषय कोणता आणि बोलणारा त्यातला आहे का, हे लेखी विचारा. संविधानाच्या 51क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे आपलं कर्तव्य म्हणून 1976 मध्ये घातलंय, त्यामुळे विचारताना संकोच नको. आणि एनसीईआरटी दहावीचं पुढचं पुस्तक करेल तेव्हा हे प्रकरण पूर्ण परत यायला हवं, माणसाच्या उत्क्रांतीसकट. ज्यांना त्यांच्याकडे लिहायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये या, मसुदा मी आज रात्री करते.