दुधाच्या कट्ट्यावर गावठी कट्टा

रात्री जेवणं उरकली की आम्ही चौघं कोल्हापूरच्या गंगावेशीत दूध प्यायला जमतो. म्हैस समोर, धार ग्लासात, फेस मिशीला. विषय कुठलाही चालतो, फक्त दूध निवायच्या आत कुणी तरी भांडण काढावं लागतं. ते काम बहुतेक वेळा कर्नल करतो.

कर्नल हे त्याचं नाव नाही आणि हुद्दाही नाही. कॉलेजात दोन वर्षं एनसीसीला होता, त्यातलं दीड वर्ष नाष्ट्यासाठी. घरात एक पॉइंट वन सेव्हन सेव्हनची एअरगन, जिला परवाना लागत नाही. रात्री दोनपर्यंत मोबाइलवर बंदुकांचे व्हिडिओ. डोक्याला चट्ट्यापट्ट्यांची टोपी. ती उन्हात घालायची असते, पण हा रात्रीच घालतो.

"मध्य प्रदेशातल्या त्या उमर्टी गावचं वाचलं का?" बसायच्या आतच त्यानं बार काढला.

"वाचलं. पुणे पोलिसांनी गावठी कट्ट्यांच्या भट्ट्या मोडल्या," मास्तर म्हणाले.

"भट्ट्या न्हवं मास्तर, कला मोडली! एक भट्टी, एक कानस, एक हातोडा. एवढ्यावर पिस्तूल करणारी माणसं ती. परदेशात असती तर म्युझियममध्ये बसवली असती."

नाना दुधावरची साय बोटानं बाजूला करत होते. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. बोलायच्या आधी समोरच्याचं माप घ्यायची सवय.

"हात कसबी हायत, न्हाई कोण म्हणतंय?" नाना म्हणाले. "त्यांच्या बापजाद्यांनी तलवारींना शिकल केली, घासून लखलखीत केल्या. नंतर त्या हाताला धड काम मिळालं न्हाई, म्हणून कट्टे निघाले. त्यात तुला कला दिसली, मला बेकारी दिसली. आणि तो कट्टा विकत घेऊन जाणारा कोण? तुझ्यासारखा शौकीन न्हवं. गल्लीतला दादा."

कर्नल ऐकत नसतो, तो फक्त श्वास घेण्यापुरता थांबतो. मग प्रकार मोजायला लागला. रिव्हॉल्व्हर बरं, कारण अडकत नाही. पिस्तुलात गोळ्या जास्त मावतात. आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची पॉइंट बत्तीस म्हणजे भरवशाची, ती २०१४ साली बायकांसाठी काढलेली निर्भीक हलकी, पण किंमत लाखाच्या वर. पॉइंट थ्री वन फाइव्हची रायफल डुकराला. "आणि घरात ठेवायची तर बारा बोअर. बारा मिलिमीटरची नळी, विषयच न्हाई!"

नानांनी ग्लास खाली ठेवला.

"किती मिलिमीटर?"

"बारा. नावातच हाय की."

"बेन्या, एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाड. त्यातली एक जिच्यातनं जाईल ती बारा बोअर. साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भरतीया नळी. म्हणून तर वीस बोअर बारापेक्षा बारीक असती. व्हर्नियर लावून बघ. व्हय, माझा व्हर्नियर तुझ्याकडंच हाय की, गेल्या शिमग्यापासनं!"

कर्नलनं व्हर्नियरचा विषय टाळला. तो नेहमीच टाळतो.

"ते जाऊ दे. मुद्दा असा की अमेरिकेत माणूस स्वतःपुरती बंदूक घरी बनवू शकतो. केंद्राचा परवाना लागत न्हाई. आता तर थ्री डी प्रिंटरवर निघतीया. आणि आपल्याकडं? १८७८ साली इंग्रजांनी कायदा करून हत्यारं काढून घेतली, आपण १९५९ ला तोच कायदा नव्या कागदावर लिहिला."

"तिकडंही काही राज्यांनी आता असल्या बंदुकीवर नंबर टाकायची सक्ती केलीया," मास्तर म्हणाले. "आणि जपानात बघ. एवढा कडक कायदा, तरी २०२२ ला शिंझो आबेंना मारलं ते घरी बनवलेल्या बंदुकीनंच."

"बघा!" कर्नल उसळला.

"काय बघा?" नाना म्हणाले. "ही तुझी साक्ष हाय का माझी?"

म्हशीनं शेपूट मारली. कर्नलची टोपी वाकडी झाली.

मास्तरांची गोष्ट निराळी. त्यांच्या आज्याची ठासणीची बंदूक होती, राधानगरीकडच्या रानात, शेती राखायच्या परवान्यावर. त्यांना बंदुकीचं कौतुक नाही आणि तिरस्कारही नाही. कुऱ्हाड असते तशी ती घरात असायची. "बार उडाला की डुक्कर एकीकडं पळायचं आणि आजा दुसरीकडं पडायचा," ते म्हणाले. "निवडणूक लागली की बंदूक पोलिसात जमा. आचारसंहिता माणसाला, पण डुकराला कोण सांगणार? बंदूक परत येईपर्यंत भुईमूग साफ. एकदा तिचा घोडा ढिला झाला, तर आजा ती घेऊन नानांच्या वडलांकडं आलेला."

"आणि आमच्या म्हाताऱ्यानं हात लावला न्हाई," नाना म्हणाले. "बनवायलाच न्हवं, दुरुस्तीलाबी परवाना लागतो. नळी कापून आखूड करायलाबी. आता २०१९ पासनं तर विनापरवाना बनवली की कमीत कमी सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. पण कायद्याचं सोडा. आमचा म्हातारा कायदा वाचत न्हवता, लोखंड वाचत होता. कारखान्यात नळी आधी जादा दाबाचं काडतूस उडवून तपासत्यात, मग शिक्का मारत्यात. घरात कोण तपासणार? बायको?"

"तुम्ही ठरवलं तर कराल की नाना! म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराच्या गावचे आपण. कोल्हापूरच्या लेथवर काय होत न्हाई?"

हे खरं तर कर्नलनं प्रेमानं म्हटलं होतं. नानांना लेथवरून चढवलं की ते वितळतात हे त्याला ठाऊक आहे. पण आज वितळले नाहीत.

"होतंय सगळं. म्हणून तर करत न्हाई. पंपाचं कास्टिंग करताना आत पोकळी राहिली तर पाणी गळतंय. नळीत राहिली तर डोळा गळतोय."

क्षणभर कुणी बोललं नाही. मग मी, उगाच, भोपाळचा विषय काढला. २०२५ च्या दिवाळीत त्या कार्बाइड गननं, पाइपात कार्बाइड नि पाणी घालून बार काढतात तिनं, पोरांचे डोळे गेले तो. माझा हेतू गंभीर होता, देवाशपथ. पण मास्तरांना कर्नलची सासुरवाडी आठवली.

"तूबी केलेलीस की रं तसली! माकडं हाकायला!"

"ते प्रात्यक्षिक होतं," कर्नल म्हणाला.

"भुवया गेल्या होत्या तुझ्या! लग्नातल्या फोटोत पेन्सिलीनं काढल्यात!"

"आणि माकडं?" मी विचारलं.

"माकडं बसून बघत होती. एक तर पेरू खात होतं."

गवळीसुद्धा धार सोडून हसायला लागला. कर्नल चिडला की शुद्ध बोलतो. "तुम्हा लोकांना शस्त्रसंस्कृतीच नाही. खंडेनवमीला पूजा तरी करता का?"

"करतो की. लेथची," नाना म्हणाले. "तुला नेमबाजीची एवढी हौस, तर दुधाळीची रेंज हितनं कितीशी लांब हाय? तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ह्याच गावच्या. कांबळवाडीचं स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकला जाऊन ब्राँझ घेऊन आलं, ४५१.४ गुण. त्यानं बंदूक बनवली न्हाई, धरायला शिकला. तू एअरगननं शेजारच्या नारळावर नेम धरलास आणि माझ्या गच्चीवरच्या टाकीला भोक पाडलंस."

"टाकी जुनी होती!"

"नारळ उजव्या बाजूला होता!"

तेवढ्यात कर्नलचा फोन वाजला. स्पीकरवर टाकायची त्याची सवय आम्हा सगळ्यांचं कल्याण करते.

"अहो, गॅसचा लायटर पेटंना झालाय," वहिनी म्हणाल्या. "सकाळी तुम्ही उघडून नीट केलाय न्हवं?"

नानांनी हळूच विचारलं, "त्याला परवाना लागतोय का बघ रं."

कर्नल काडीपेटी आणायला म्हणून उठला तो परत आलाच नाही. चारही ग्लासांचे पैसे नानांनी दिले. व्हर्नियर अजून त्याच्याकडेच आहे.