शिळं पाणी, उसाचे चार टक्के आणि नळाची मोटार

परवा सकाळी नळाला पाणी यायच्या अर्धा तास आधी आईने तांब्याचा हंडा, दोन कळशा आणि साठ लिटरचं पिंप मोरीत उपडं केलं. आवाज ऐकून मी धावलो, तोवर शेवटचं पाणी जाळीतून गेलं होतं. "शिळं झालंतं," आई म्हणाली. "बारा तासांनी त्यात विष हुतंय. बंडूनं मोबाइलवर पाठवलंय."

हिचं माहेर माण तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात आईबाप खडी फोडायला जायचे आणि ही धाकट्या बहिणीला घेऊन विहिरीच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरायची. भांडी घासलेलं पाणी अजून ती झाडाला घालते. त्या बाईने शंभरेक लिटर पाणी ओतून दिलं, कारण पुण्याच्या मामेभावाने 'जनहितार्थ' म्हणून एक संदेश पुढे ढकलला. म्हणून हे उत्तर.

संदेश तुमच्याकडेही आला असेल. मथळा 'पाणीकपात की सामान्यांची पिळवणूक?' आणि खाली सहा मुद्दे. घरगुती वापर जेमतेम 4 टक्के, बाकी सगळं ऊस पितो, मग आपण का वाचवायचं? कोयनेत पाणी असताना कपात कशाला? 2016 साली आपलं पाणी रेल्वेने लातूरला नेलं, तिथून ही टंचाई लागली. साठवलेलं पाणी 12 तासांत विषारी होतं, ओतून ताजं भरा. पट्टी भरतो, तर नळाला मोटार लावणं हा आपला हक्क. आणि एक दिवसाआड पाणी देता, तर पट्टीही अर्धीच घ्या.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, कऱ्हाडच्या संगमाच्या खाली, कृष्णाकाठी. सध्या एक दिवसाआड चाळीस मिनिटं पाणी येतं. तेव्हा मी काही धरणाच्या भिंतीवर बसून उपदेश करत नाही.

शिळ्या पाण्यापासून सुरू करतो. कोयना धरण भरतं जून ते सप्टेंबरमध्ये. ते पाणी मे महिन्यात नदीत सुटतं, नदीकाठच्या जॅकवेलमधून, म्हणजे उपसा-विहिरीतून, उपसलं जातं, गाळून, क्लोरीन घालून उंच टाकीत चढतं आणि तुमच्या नळाला येतं. म्हणजे तुम्ही 'ताजं' म्हणून जे भरता, ते किमान आठ महिन्यांचं शिळं असतं. तेव्हा विष झालं नाही आणि तुमच्या हंड्यात एका रात्रीत होतं? नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावं असा भारतीय मानक आहे. तेवढं असेल, भांडं स्वच्छ आणि झाकलेलं असेल, आणि आत हात न घालता दांडीच्या ओगराळ्याने पाणी काढलं, तर दोन दिवस त्याला काही होत नाही. यात खरं आहे ते एवढंच की उघड्या, आठ-दहा दिवस न हलवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. त्यासाठी आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून वाळवायची, ज्याला आरोग्य खातं 'कोरडा दिवस' म्हणतं. आठवड्यातून एकदा, रोज सकाळी नव्हे. आणि त्या दिवशीचं पाणीसुद्धा मोरीत कशाला, संडासाला वापरा.

लातूरचं दोन ओळींत संपवतो, कारण हा मुद्दा वाचून मला लाज वाटली. 11 एप्रिल 2016 ला मिरजेहून पहिली गाडी निघाली ती दहा वाघिणींची, पाच लाख लिटरच्या आसपास. पुढे पन्नास वाघिणी झाल्या, खेपेला 25 लाख लिटर. समजा अशी गाडी सलग चार महिने एकही खाडा न करता रोज धावली, तरी होतात 30 कोटी लिटर. धरणाचं पाणी मोजतात टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. म्हणजे लातूरला गेलं एका टीएमसीचा शंभरावा हिस्सा फार तर. वीज करण्यासाठी कोयनेचं पाणी पश्चिमेला कोकणात उतरवतात, त्याला राज्याराज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसी मुभा दिली आहे. त्या हिशेबाने लातूरचं सगळं पाणी हे सरासरी दीड तासाचं पाणी आहे. तहानलेल्या गावाला दीड तासाचं पाणी दिलं, ते दहा वर्षं काढून दाखवायचं? आपल्याकडे दारात आलेल्याला आधी तांब्या देतात, नाव मागून विचारतात.

कोयनेत पाणी आहे, हे मात्र खरंच. असायलाच हवं. 105.25 टीएमसीच्या धरणात तळाचं पाच-एक टीएमसी सहज काढता येत नाही, आणि उरलेलं पाणी पाऊस लांबला तर जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचं असतं. मे महिन्यात कणगीत ज्वारी दिसते म्हणून कोणी रोज पुरणपोळीचा घाट घालत नाही.

आता मोटार. बाकी मुद्द्यांवर हसता येतं, यावर येत नाही.

आमच्या गल्लीत सतरा घरं. टाकीच्या अंगाने पहिल्या सात घरांपैकी पाच घरांत नळालाच थेट मोटार. पाणी सुटलं की घुंईऽऽ सुरू होतं आणि जमिनीखालच्या टाक्या भरायला लागतात. शेवटच्या घरात एक म्हातारं जोडपं राहतं. चाळीस मिनिटांत त्यांच्या नळाला करंगळीएवढी धार येते, तीही तुटत तुटत. दोन घागरी भरतात. हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिलंय, कारण त्या आजींच्या घागरी उचलून ठेवायला मी जातो. वीज गेली त्या दिवशी मोटारी बंद पडल्या आणि त्याच नळाला बोटभर धार आली. टाकी तीच, चावी सोडणारा तोच, वेळ तीच.

पट्टी त्या आजीही भरतात. तेवढीच, कारण आमच्याकडे अर्ध्या इंची नळाला ठोक पट्टी आहे, मीटर नाही. मग हक्क कुणाचा?

आणि हे चोरीवरच थांबत नाही. मोटार पाणी ओढते तेव्हा पाइपात मागून तेवढं पाणी आलं नाही, तर आत पोकळी होते. गावातले पाइप जुने, सांध्यासांध्याला गळके, बरेच गटाराला लागून गेलेले. एरवी दाबामुळे गळतीतून पाणी बाहेर जातं. दाब उलटला की बाहेरचं आत येतं. म्हणजे गटार पाइपात. उन्हाळ्यात गावागावांत कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथी उठतात, त्यामागे हे एक मोठं कारण असतं. तुमची मोटार ओढते ते पाणी तुमच्याच पिंपात पडतं, हे तरी लक्षात घ्या. 'विषारी' म्हणून आईने जे ओतलं त्यात काही नव्हतं. विष असलंच तर ते ज्या मोटारीची हा संदेश शिफारस करतो तिच्या वाटेने येतं. नळजोडणी देताना बहुतेक नगरपालिका थेट मोटार लावू नये ही अट घालतातच. अर्ज कोण वाचतो.

इथे एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो. पाणी एक दिवसाआड सोडलं की मधल्या काळात पाइप रिकामे पडतात, आणि मोटार नसतानाही थोडी घाण आत शिरतेच. म्हणून पाणी आल्याआल्या पहिली बादली गढूळ येते. ती पिण्यात घेऊ नका. कपातीविरुद्धचा खरा, वजनदार मुद्दा हा आहे. रोज थोडा वेळ द्यावं की एक दिवसाआड जास्त वेळ, यावर पाणीपुरवठ्यातली जाणकार मंडळी खुशाल भांडोत. संदेश लिहिणाऱ्याला हा मुद्दा सुचलाच नाही.

उरला ऊस. आमच्या भागात याविषयी बोलायचं म्हणजे निम्म्या पाहुण्यांशी वैर. तरी सांगतो, संदेशातला 4 टक्के हा आकडा घरांचा नाहीच. तो उसाचा आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या अहवालात लिहिलं होतं की महाराष्ट्रात ऊस पिकाखालच्या क्षेत्राच्या 4 टक्क्यांहूनही कमी जमिनीवर आहे आणि सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी घेतो. फिरता फिरता तो आकडा घरांना चिकटला. पण त्यामागचा राग खोटा नाही. पाटाने भिजवलेल्या एक एकर उसाला वर्षाला 80 लाख लिटरच्या आसपास पाणी लागतं. शहरासाठी ठरवलेल्या माणशी रोज 135 लिटरने पाच जणांच्या घराला वर्षाला अडीच लाख लिटरही लागत नाही. म्हणजे एक एकर ऊस बत्तीस घरं पितो. ठिबकने हे बरंच कमी होतं, तरी पाट सुटत नाही. राज्याच्या जलनीतीत पिण्याचं आणि घरगुती पाणी पहिल्या क्रमांकावर आहे, उन्हाळ्यात नदीवर शेतीसाठी उपसाबंदीही लागते, आणि बंदीच्या रात्री कुठल्या काठावर मोटारी चालतात हे सगळ्या गावाला माहीत असतं. यावर बोला. मोर्चा काढा, मी येतो.

पण त्यावरून 'मग आपण का वाचवायचं' कसं निघतं? मी नळाला मोटार लावली म्हणून एकाही कारखानदाराचा फड वाळत नाही. वाळतो तो शेवटच्या घरातला हंडा. आमच्या गल्लीच्या पाइपात आज जेवढं पाणी आलं तेवढंच सतरा घरांत वाटायचं आहे, आणि कपातीचा न्याय-अन्याय तिथे ठरतो. मिनिटं सगळ्यांना सारखी मिळतात, पाणी मिळत नाही. ज्याच्याकडे दोन हजार लिटरची टाकी आहे त्याला एक दिवसाआड काय नि दोन दिवसांआड काय. अन्याय आहे तो हा. तो संदेशाला दिसला नाही, कारण तो बहुधा टाकीवाल्यानेच लिहिलाय.

आईची ती धाकटी बहीण, माझी मावशी, अजून माणातच राहते. 2024 च्या उन्हाळ्यात त्यांच्या वाडीला टँकर होता. टंचाईत टँकरचा सरकारी हिशेब माणशी रोज 20 लिटर. मावशीच्या घरात पाच माणसं, म्हणजे दिवसाला शंभर लिटर. आईला मी एवढंच सांगितलं. ती काही बोलली नाही. दुपारी तिने पिंपावर बांधायला जुन्या लुगड्याचा धडपा शोधून काढला आणि बंडूला फोन लावला. काय बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

राहिली अर्धी पट्टी. मागणी रास्त आहे, मला मान्य. मीटर बसवा आणि जेवढं पाणी तेवढी पट्टी घ्या, असा अर्ज मी लिहून ठेवलाय. गल्लीतल्या सतराही घरांच्या सह्या हव्यात. सही करायला येताना पहिल्या सात घरांनी मोटारी काढून यावं.