डंपरवर खापर

पावसाळा आला की जुन्या नाशकात एखाद्या वाड्याची भिंत खचते आणि तोच वाद पुन्हा पेटतो. एक बाजू म्हणते, सिंहस्थाच्या कामांचे डंपर घरं हलवतात. दुसरी म्हणते, जुनं झालंय, पाडा. जर्मनीत बसून हे वाचताना डोकं फिरतं, कारण भेग मोजलेली दोघांनीही नसते.

हादरा माणसाला जाणवू लागतो तो कंपनाच्या सेकंदाला ०.१५ ते ०.३ मिमी वेगापासून. सततच्या हादऱ्यांसाठी इथल्या डीआयएन ४१५० या जर्मन मानकात वरच्या मजल्याच्या पातळीवर राहत्या घराला सेकंदाला ५ मिमी आणि जतन केलेल्या वास्तूला २.५ मिमी ही मर्यादा धरतात. म्हणजे मांडणीवरची भांडी वाजली म्हणून भिंत फाटतेय असं नाही. आपल्याकडे असले आकडेच नाहीत, असंही कुणी म्हणू नये. खाणीतल्या सुरुंगांसाठी १९९७ पासून ऐतिहासिक वास्तूंना ८ हर्ट्झखाली, म्हणजे सेकंदाला आठपेक्षा कमी कंपनं असताना, २ मिमीची मर्यादा आहे. वाड्यासमोर ती लावून बघायला कुणी येत नाही, एवढंच.

खरी मेख पाण्यात असते. जुना थर न खरवडता डांबर चढवत गेलं की रस्ता जोत्याच्या वर येतो. पाणी जोत्यात मुरतं, मातीचा गारा सुटतो आणि भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं. मग चाक आदळतं ते खाली बसलेल्या चेंबरच्या झाकणावर, किंवा केबलसाठी खणून एकदम लोटलेल्या चरावर. तो चर १५०-२०० मिमीच्या थरांनी ठोकून भरायला हवा होता. स्पीडब्रेकरचंही तेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) १९८८ च्या मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. गल्लीत मिळतो तो हातभर रुंदीचा ढेकूळ. डंपर दोषी आहेच, पण तो शेवटचा धक्का देतो.

भेगेच्या दोन्ही बाजूंना १०० मिमी अंतरावर पितळी स्क्रू बसवा आणि बारा महिने, दर महिन्याला त्यांच्यातलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजा. उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग बहुधा खालच्या काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याची. एकाच दिशेने वाढत जाणारी असेल तर पाया खचतोय. ती भेग सिमेंटने बुजवू नका. ओल आत कोंडते आणि शेजारची वीट सुटते. तिथे चुनाच हवा. घरासमोर चर खणून हादरे अडवण्याचा सल्लाही फिरतो. १० हर्ट्झची लाट मातीतून सेकंदाला १५० मीटर गेली तर तिची लांबी १५ मीटर होते. मीटरभर चराला ती काय जुमानणार?

इथे रस्ता खणण्याआधी लगतच्या घरांतल्या भेगांचे फोटो काढून ठेवतात, टेम्पो ३० ची, म्हणजे ताशी ३० किमी वेगमर्यादेची, पाटी लागते. इथल्या एसलिंगन शहरात तेराव्या शतकातली लाकडी सांगाड्याची घरं उभी आहेत. हे सांगताना छाती जरा फुगते, आणि तेच खटकतं. त्या घरांशी आमचा संबंध भाडेकरूचासुद्धा नाही.

आमचं नाव आहे ते नाशकातल्या प्रॉपर्टी कार्डावर. ‘वाडे वाचवा’ असं परदेशातून जोरात लिहिणाऱ्यांपैकीच कुणाची तरी सही नसते आणि दुरुस्ती अडते. सही दिली तर तिथलं शेवटचं नाव पुसलं जाईल, ही धास्ती असते. दुरुस्तीपुरतं मुखत्यारपत्र दिल्याने हक्क जात नाही. भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करायची आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं.