भरदुपारी ट्यूबलाइट

आज सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "ज्यांच्या घरात टीबी आहे त्या बायकांना गेटवरच थांबवा. या लोकांना स्वच्छता कळतच नाही." खाली लगेच अंगठ्यांची रांग. सकाळपासून डोकं फिरलंय.

रोख आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंवर होता. त्यांच्या मुलीला टीबी झालाय, गोळ्या चालू आहेत. ताईंची तपासणी झाली, त्यांना काही नाही. गोवंडीला त्यांच्या एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेल्या, घरी मी जाऊन आलेय. भरदुपारी ट्यूबलाइट लावलेली. फरशी लख्ख, भांडी घासूनपुसून फळीवर. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आणि मधल्या फटीत वरच्या मजल्यांवरून पडलेला कचरा. दवाखान्यात सांगतात, खिडकी उघडी ठेवा, ऊन येऊ द्या. कुठून येणार ऊन?

बरं, हे काही गुपित नाही. गोवंडी-मानखुर्दच्याच लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा आयआयटी मुंबई आणि 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने अभ्यास केला. उजेड-वारा जिथे कमी, तिथे टीबी जास्त, हे २०१८ मध्येच समोर आलं. लोकांनी परक्या माणसांना घरात घेतलं, खोकल्यापासून खिडकीपर्यंत सगळं सांगितलं. त्यांच्या पदरात काय पडलं? आणि आपण त्यांनाच घाणेरडे म्हणायचं!

औषधं अर्धवट सोडणारे असतात, मान्य. पण ताईंची मुलगी एक गोळी चुकवत नाही. गोळ्या घेतल्या की मळमळतं, आणि ताटात भात आणि पातळ डाळ.

झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना दरमहा जास्तीचे तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तांदूळ आणि डाळ! सरकार रुग्णाला महिन्याला हजार रुपये देतं, ठीक आहे. त्यात ताईंचं अख्खं घर कसं जेवणार?

गेटवर अडवायची भाषा तर मला कळतच नाही. मद्रासला १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात गरीब रुग्णांना घरीच ठेवून औषधं दिली. ते सॅनेटोरियममधल्या, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयातल्या, रुग्णांसारखेच बरे झाले आणि घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. इतकी जुनी गोष्ट आहे ही.

ताई उद्या येणार आणि मी त्यांना सोबत घेऊन वर येणार. कोणाला काय बोलायचं ते माझ्याशी बोला.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. या महिन्यापासून त्यांच्या घरातल्या सगळ्यांसाठी डाळ, तांदूळ, शेंगदाणे, तेल आमच्याकडून. त्यांच्याच मजल्यावर आणखी एका घरात टीबीचा रुग्ण आहे. त्या घराचा शिधा कोणी उचलणार असेल तर इनबॉक्समध्ये या.